बेरिल येतंय म्हणे. ह्यूस्टनमधलं आमचं पहिलंच हरिकेन, घराची तयारी कशी करता?

चिमणचारा | ५ जुलै २०२४, सकाळी १०:४०

मंडळी, मागच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीहून ह्यूस्टनजवळच्या केटीला आलो. दहा वर्षांत बर्फ उपसायला शिकले होते, आता हे नवीन. बेरिलने सोमवारी ग्रेनाडाच्या बेटांची दैना केली, मग जमैकाला झोडपलं, आज मेक्सिकोत तुलुमजवळ जमिनीवर चढलंय. तिथून परत आखातात उतरून टेक्सासकडे येणार म्हणतात. नकाशात त्याचं तोंड खाली दक्षिणेला आहे, म्हणून नवरा निवांत. काल चार जुलै, शेजारी रात्री बारापर्यंत फटाके उडवत होते.

मी निवांत नाही. साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) ऑक्टोबरपर्यंत आलेत. साबुंना इन्सुलिन आहे. लेक सात वर्षांची. १६ मेच्या त्या वावटळीत दोन दिवस वीज गेली, तेव्हा घरात एक धड टॉर्च सापडला नव्हता. शेगडी विजेची, त्यामुळे चहासुद्धा बंद. आज सकाळी दुकानात गेले तर पाण्याच्या बाटल्यांची फळी रिकामी.

साबा मात्र कामाला लागल्यात. पानशेत फुटलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या, नारायण पेठेत तळमजल्यावर राहायच्या. पाणी येणार म्हटलं की त्यांचं पहिलं काम सामान वर नेणं. कालपासून तांदळाचं पोतं जिन्यात आहे आणि आम्ही सगळे त्याला अडखळतोय.

तर प्रश्न असा की खरोखर काय करावं लागतं, आणि लोक काय नुसतंच करतात? की सरळ निघून जावं?

---

जुना_ह्यूस्टनकर | ५ जुलै, दुपारी १२:१५

पंचवीस वर्षं इथे आहे. ॲलिसन, रीटा, आयक, हार्वी, सगळ्यांशी ओळख आहे.

निघायचं का, हे आधी ठरवा, बाकी किराणा नंतर. इथे जुनी शिकवण आहे : पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. समुद्राचं पाणी आत घुसतं त्या पट्ट्यात, म्हणजे गॅल्व्हस्टन किंवा क्लिअर लेकच्या बाजूला, राहत असाल आणि तुमच्या झोनला निघा म्हणाले, तर वाद न घालता निघायचं. केटी साठेक मैल आत आहे. तिथे समुद्र येत नाही. तुमचा प्रश्न पाऊस, झाडं आणि वीज.

उगाच पळण्याचं काय होतं ते रीटाने दाखवलं. सप्टेंबर २००५. कॅटरीना होऊन महिना झाला नव्हता, सगळे घाबरलेले, पंचवीस लाखांवर माणसं एकदम रस्त्यावर आली. ज्यांना जायची गरज नव्हती ती पुढे आणि किनाऱ्यावरची मागे अडकली. ऑस्टिन एरवी तीन तास. आम्हाला एकवीस लागले. एसी बंद ठेवून, पेट्रोल वाचवत, धाकट्याला गाडीच्या सावलीत बसवत. त्या वेळी टेक्सासात माणसं वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त गेली.

आणि 'कॅटेगरी' बघून निश्चिंत होऊ नका, तो आकडा फक्त वाऱ्याचा. २००८चं आयक दोन नंबरचं होतं, गॅल्व्हस्टनच्या पलीकडची बोलिव्हरची पट्टी धुवून नेली त्याने. ॲलिसन तर हरिकेनच नव्हतं, तरी २००१ मध्ये शहरातली मोठमोठी इस्पितळं तळघरापासून बुडाली. हार्वी रॉकपोर्टला चार नंबरने आलं, पण ह्यूस्टनला मारलं ते इथे येऊन नुसतं बसून राहिलं म्हणून. नेदरलँड नावाच्या गावात साठ इंचांवर पाऊस पडला. पुण्याचे दोन पावसाळे चार-पाच दिवसांत.

---

बिनधास्त_बंडू | ५ जुलै, दुपारी १:०२

झालं सुरू. दरवर्षी हेच. टीव्हीवाले रेनकोट घालून ओरडतात, लोक टॉयलेट पेपर पळवतात, वादळ लुइझियानाला जातं. माझ्या गॅरेजमध्ये २०२० सालच्या पाण्याच्या बाटल्या अजून आहेत. खिडक्यांना टेप लावा, एखादी खिडकी किलकिली ठेवा म्हणजे दाब बसत नाही, आणि मॅच बघा. (हलके घ्या.)

---

जुना_ह्यूस्टनकर | ५ जुलै, दुपारी १:२०

बंडोपंत, मॅच बघा इतकं बरोबर. टेपने काच फुटायची थांबत नाही, उलट मोठे तुकडे होऊन पडतात आणि टेप खरवडायला पुढचा महिना लागतो. खिडकी उघडी ठेवली तर वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो. सगळं घट्ट बंद, आतली दारंसुद्धा. लावायचंच तर पाच-अष्टमांश इंची प्लायवुड, भोकं आधी पाडून ठेवलेलं. पहिल्या नंबरच्या वादळाला केटीत ते कोणी लावत नाही, मीही लावत नाही. घराची सगळ्यात कच्ची जागा गॅरेजचं दार, ते आत दबलं की मागून छप्पर उचलतं. दुमजली घर असेल तर रात्री वरच्या मजल्यावर झोपू नका, झाड पडलं तर तिथे पडतं. खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या बोळात किंवा जिन्याखाली गाद्या टाका.

---

मेतकूट | ५ जुलै, दुपारी ३:४५

शुगर लँडहून लिहितेय. खाण्याचं माझ्यावर सोपवा.

लोक कॅनमधले राजमे घेऊन येतात आणि मग कॅन उघडायला विजेवरचा ओपनर असतो. आपल्याकडे बिनचुलीचं इतकं आहे की मला हसू येतं. दडपे पोहे. दही-पोहे पहिल्या दिवशी, दही टिकतंय तोवर. सातूचं पीठ, गूळ, पाणी. मेतकूट (नावच घेतलंय) कशालाही. तिखटमिठाच्या पुऱ्या आज-उद्या तळून ठेवा, चार दिवस आरामात जातात. दशम्या दुधात भिजवून. चिवडा, लाडू, खाकरे, लोणचं. आपले पणजोबा हेच घेऊन काशीला गेले असतील.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, पिणं आणि थोडंफार आवरणं मिळून. बाटल्या नसतील तर रडू नका, नळ चालू आहे ना? पातेली, कुकर, कळशी, सगळं भरून झाका. टब भरून ठेवा, तो संडासात ओतायला. साधी बुटेनची कॅम्पिंगची शेगडी घ्या, पण घरात लावायची नाही, अंगणात.

फ्रीज : दार उघडलं नाही तर चार तास. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर दोन दिवस, अर्धा असेल तर एक. म्हणून आत्ताच रिकाम्या जागेत पाण्याच्या पिशव्या गोठवा. आणि एक युक्ती : कपभर पाणी गोठवून वर नाणं ठेवा. बाहेरगावी गेलात आणि परत आल्यावर नाणं बर्फात बुडालेलं दिसलं, तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे. फेकायचं, वास घेत बसायचं नाही.

रच्याकने (म्हणजे बाय द वे), फ्रीझरमध्ये खवलेला नारळ किती आहे?

---

चिमणचारा | ५ जुलै, संध्याकाळी ५:३०

नऊ पाकिटं. साबा आल्यापासून त्यांना संपेल अशी भीती वाटते.

नाण्याचं त्यांना फार आवडलं. कप ठेवलाय, वर पर्समधला रुपया. 'सेंट कशाला, आपलं नाणं जड असतं' म्हणे.

---

गोळीबार | ५ जुलै, रात्री ८:१०

फार्मासिस्ट आहे, डॅलसला. दोनच गोष्टी, पण दोन्ही नीट वाचा.

इन्सुलिन. न उघडलेल्या कुप्या फ्रीजमध्ये. वापरात असलेलं बहुतेक प्रकारचं इन्सुलिन बाहेर २८ दिवस चालतं, पण ८६ फॅरनहाइटच्या आत. प्रकाराप्रमाणे दिवस बदलतात, पाकिटातला कागद बघा. जुलैत वीज गेली की तुमचं घर दुसऱ्या दिवशी त्याच्या वर जाणार. तेव्हा लहान कूलर, खाली बर्फ, मध्ये टॉवेल, वर इन्सुलिन. बर्फाला थेट चिकटवून ठेवलं आणि गोठलं, तर ते वाया गेलं, वितळवून वापरायचं नाही. काका भारतातून किती घेऊन आलेत ते मोजा. साखर मोजायच्या यंत्राच्या पट्ट्या आणि सेलही मोजा. औषधांची नावं (भारतातली ब्रँडची नकोत, मूळ औषधाची) आणि डोस कागदावर लिहा. इथला डॉक्टर 'सकाळची पांढरी अर्धी' ओळखणार नाही.

दुसरी गोष्ट जनरेटर. घरापासून निदान वीस फूट लांब, धूर खिडकीच्या उलट दिशेला. गॅरेजमध्ये नाही. गॅरेजचं दार सताड उघडं ठेवूनही नाही. कोळशाची शेगडीही आत नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, डोकं दुखतं, झोप येते, आणि मग माणूस उठत नाही. प्रत्येक मोठ्या वादळानंतर इथे अशी माणसं जातात, वादळातून वाचलेली. सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच आणा.

---

गाळ_आणि_मी | ५ जुलै, रात्री १०:५०

मी केटीतच, बार्कर जलाशयाच्या वरच्या अंगाला. जाणकारांना इतक्यावर कळलं असेल.

२०१७ मध्ये, हार्वीच्या वेळी, आम्ही पूररेषेच्या नकाशात नव्हतो. पुराचा विमा घेतला नव्हता, कारण कर्ज देणाऱ्यांनी मागितला नव्हता. चार दिवस पाऊस कोसळला, घर कोरडं. मंगळवारी पाऊस ओसरला, आम्ही देवाला साखर ठेवली. आणि त्या रात्री पाणी आलं. बार्कर आणि ॲडिक्स ही धरणं १९४०च्या दशकात ह्यूस्टन शहर वाचवायला बांधलेली, एरवी कोरडी, आत हरणं फिरतात. जलाशय तुडुंब भरला की पाणी मागे पसरतं आणि त्या मागच्या जागेत आमची वसाहत. लाट नाही, आवाज नाही. रस्त्याच्या कडेला, मग हिरवळीवर, मग दाराच्या फटीतून. आठवडाभर राहिलं. चार फुटांपर्यंत भिंती कापून काढल्या.

त्यातून शिकलेलं सांगते, क्रम नाही.

घराचा साधा विमा पुराचं पाणी भरून देत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो ३० दिवसांनी लागू होतो. म्हणजे बेरिलसाठी उशीर झाला, पण ऑगस्ट-सप्टेंबर बाकी आहे आणि हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत. घराला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. वाऱ्याच्या नुकसानीतही तुमच्या वाट्याची रक्कम ठरावीक आकडा नसते, घराच्या विम्याच्या रकमेवर टक्का असतो. दोन टक्के ऐकायला छोटं वाटतं. गुणाकार करून बघा.

आत्ता उठा आणि फोनवर घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक कपाट उघडून, बोलत बोलत. 'ही पैठणी, २०११, येवल्याहून.' मला नंतर विम्याच्या माणसाला पैठणी म्हणजे काय ते समजावावं लागलं होतं.

कागदपत्रं : पासपोर्ट, सगळ्यांचे आय-७९७ (व्हिसा-अर्जाच्या मंजुरीचे कागद), ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड), जन्मदाखले, लग्नाचा दाखला. झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि ती पाठीवरच्या सॅकमध्ये. तिजोरीत नाही, तिजोरी पळताना उचलता येत नाही. आमचा भिजलेला पासपोर्ट बदलायला लागलेला वेळ आणि मनस्ताप घराच्या दुरुस्तीच्या तोडीचा होता.

आणि चिमणचारा, तुमच्या साबांना हसू नका. मी देव्हारा आणि फोटोंचे अल्बम वर नेले होते. जेवणाचं टेबल, पियानो, पुस्तकांची खालची फळी नेली नाही. तांदूळ वर ठेवायचं सुचलं नाही, तो फुगून पोतं फुटलं आणि तो वास अजून नाकात आहे.

---

चिमणचारा | ६ जुलै, सकाळी ७:२०

गाळ_आणि_मी, रात्री झोप लागली नाही हे वाचून. पत्ता टाकून पाहिलं, आम्ही जलाशयाच्या त्या जागेत नाही. तरीही अल्बम वर नेले. तुमचा प्रतिसाद साबांना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'आमच्याकडेही सकाळी कोणी तरी सांगून गेलं होतं की काही होणार नाही.' पोतं आता माळ्यावर आहे.

---

खारवाडा | ६ जुलै, सकाळी ९:५५

दापोलीकडचा आहे. तुमचं हरिकेन आणि आमचं चक्रीवादळ एकच, बारसं वेगळं. ३ जून २०२०, निसर्ग. श्रीवर्धन-दिवेआगरला चढलं, पण आम्ही त्याच्या उजव्या अंगाला, त्यामुळे दापोली-मंडणगडचंही कंबरडं मोडलं. आम्हालाही दोन दिवस आधी सांगितलं होतं, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती, म्हणून जीव वाचले. पण घराची तयारी म्हणाल तर आम्ही पावसाळ्याची केली होती, वादळाची नाही. त्यातला फरक दुपारी साडेबाराला कळला.

आमचा सगळ्यात मोठा गाढवपणा विहीर. वीस वर्षांपूर्वी रहाट काढून पंप बसवला. वीज गेली ती महिन्यावर. विहीर काठोकाठ, अंगणात चाळीस फुटांवर, आणि घरात प्यायला पाणी नाही! शेवटी गोठ्यातून जुना दोर काढला, प्लॅस्टिकची बादली बांधली, ती तरंगायची, बुडेना. आजीचा पितळी पोहरा भंगारात दिलेला. तेव्हा तुमच्या घरात विजेवर काय काय अडतं ते आजच एकदा फिरून बघा. दिवा-पंखा सगळ्यांना आठवतो. अडतं भलतंच.

दुसरं, अंगणात काही ठेवू नका. आम्ही झावळ्या आणि असोले नारळ उतरवले नव्हते. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात नारळ म्हणजे तोफेचा गोळा. शेजारच्या घराचा पत्रा आमच्या ओटीवर आला, आमची कौलं त्यांच्या परसात गेली, हिशेब फिटला.

मध्येच वारा पडला तर बाहेर जाऊ नका. मध्यभाग वरून जात असेल तर तो शांत असतो, मग उलट्या दिशेने येतो. आणि सगळं झाल्यावर स्लीपर घालून हिंडू नका. दोन दिवस आमच्याकडे खिळे आणि पत्र्याने कापलेल्या पायांचीच रांग होती.

औषधाला माठ बघा. ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवतात आमच्याकडे.

---

गोळीबार | ६ जुलै, सकाळी १०:३०

खारवाडा, प्रतिसाद एक नंबर. माठाबद्दल एवढंच की तो गार होतो पाणी उडून जातं म्हणून. जालना-परभणीच्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो. दापोली किंवा ह्यूस्टनच्या दमट हवेत तितका नाही. काहीच नसेल तर तोच, पण कूलर आणि बर्फ मिळतोय तोवर तो आधी.

---

जुना_ह्यूस्टनकर | ६ जुलै, संध्याकाळी ६:४०

ताजा नकाशा पाहिलात का? वर सरकलंय. आता दक्षिणेचं कॉर्पस क्रिस्टी नाही, मॅटागोर्डाच्या आसपास म्हणतायत.

नकाशावरचा तो पांढरा शंकू लोक चुकीचा वाचतात. शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे, त्याचा मध्य कुठे कुठे असू शकेल ती जागा, आणि तीही तीनातल्या दोन वेळांपुरती. वारा-पाऊस शंकूच्या बाहेर कितीही पसरतो. आणि खारवाडा म्हणाले ते उजवं अंग : वादळ आपल्या पश्चिमेला चढलं की आपण त्याच्या उजवीकडे, वाईट बाजूला. मॅटागोर्डा ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला आहे. आपलं नाव नकाशात नसतानाही मार आपल्यालाच.

गाड्यांच्या टाक्या आज रात्री भरा, उद्या रांगा लागतील. रोख दोनेकशे डॉलर, सुटे. वीज नसेल तर कार्ड चालत नाही.

---

बिनधास्त_बंडू | ६ जुलै, रात्री ९:१५

ठीक आहे, ठीक आहे. ट्रॅम्पोलिन खोलून ठेवतोय. बायकोने धागा वाचला.

---

चिमणचारा | ७ जुलै, रात्री ९:०५

हरिकेनचा इशारा लागलाय, पहाटे चढणार म्हणे. पुऱ्या तळल्या, टब भरला, फोन चार्ज, कागद सॅकमध्ये, अंगणातल्या खुर्च्या गॅरेजमध्ये, गाडी गॅरेजमध्ये. खारवाडांनी सांगितल्याप्रमाणे घरभर फिरून विजेवर काय अडतं ते बघितलं. सगळं आठवलं असं वाटतंय. जिन्याखाली पाच जणांच्या गाद्या टाकल्यात. लेकीला ही पार्टी वाटतेय, साबु रामरक्षा म्हणतायत. बाहेर पान हलत नाही.

---

मेतकूट | ८ जुलै, दुपारी २:३०

आमची वीज आहे, कशी कोण जाणे. बाकी ह्यूस्टन अंधारात, २२ लाखांवर जोडण्या गेल्यात. चिमणचारा, आहात का?

---

चिमणचारा | ९ जुलै, सकाळी ११:१०

आहोत. घर कोरडं. वीज काल पावणेसहापासून नाही. फोन मिळतो तर मिळतो. वीज कुठे आली ते कळत नाही, कंपनीचा नकाशाच बंद आहे. सगळे व्हॉटाबर्गरचं ॲप बघतायत, त्यांचं दुकान नारिंगी दिसलं की त्या भागात वीज. बर्गर न खाणारं आमचं घर दर तासाला बर्गरचा नकाशा बघतंय. घरात ८८ अंश. नंतर लिहिते.

---

चिमणचारा | १५ जुलै, रात्री १०:२०

काल संध्याकाळी वीज आली. साडेसहा दिवस. आता सावकाश लिहिते, कारण काही गोष्टी इथे कोणीच सांगितल्या नव्हत्या. (तक्रार नाही, एकशेदहा सांगितल्या होत्यात!)

वादळ स्वतः तसं सोसलं. पहाटे चार ते दहा वारा, मग पाऊस. शेजारचा ओक आमच्या कुंपणावर, कुंपण आमच्या गुलाबांवर. साडेआठच्या सुमारास लेक जिन्याखाली गाढ झोपलेली.

खरं प्रकरण त्यानंतर. टब रविवारी रात्री काठोकाठ भरला होता, सोमवारी सकाळी अर्धा. बूच नीट बसत नाही आणि अंघोळीच्या दहा मिनिटांत हे कधी कळत नाही. पुढच्या वेळी रबराची चकती आणि वरून टेप. (बंडू, टेप इथे लावायची!)

मग गाडी. आत सुरक्षित ठेवली म्हणून खूश होतो. गॅरेजचं दार विजेवर. सोमवारी दुपारी बर्फ आणायला निघालो तर दार ढिम्म. घरभर फिरून पाहिलं होतं ना मी! छताजवळ एक लाल दोरी लोंबते, ती खेचली की दार हाताने उचलता येतं, हे नवऱ्याला तासाभराने शेजाऱ्याने सांगितलं. रोज त्या दोरीखालून जात होतो. आमचा रहाट तो.

तिसऱ्या दिवशी घरात ९२. कूलरमधला बर्फ संपला, पेट्रोलला तासाची रांग. साबु बोलत नव्हते, मला तेव्हा खरी भीती वाटली. घाम येऊनही पाणी नको म्हणत होते, साखर वरखाली. पलीकडच्या घरात एक एकट्या आजी राहतात, वर्षभरात फक्त हात हलवण्याची ओळख. त्यांचा जनरेटर अंगणाच्या टोकाला चालू होता. गोळीबार, मी मनातल्या मनात फूट मोजले, वीसपेक्षा जास्त होते. दार वाजवलं, इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवाल का विचारलं. त्यांनी इन्सुलिन घेतलं आणि साबुंनाही बोलावलं, त्यांच्या एका खोलीत खिडकीचा एसी चालू होता. साबु दोन दिवस दुपारी तिथे बसायचे. भाषा एक नाही, दोघं बेसबॉल बघायचे आणि साबु मध्येच 'आऊट!' म्हणायचे. पाचव्या दिवशी मेतकूटने दोघांना शुगर लँडला नेलं, तिचे किती आभार मानू. हॉटेलं पार सॅन अँटोनियोपर्यंत फुल होती.

साबा जायला तयार नव्हत्या. शुक्रवारी १२ जुलै होता. पानशेतचा दिवस. त्या काही म्हणाल्या नाहीत, फक्त सकाळी उठून माळ्यावरचं पोतं स्वतः खाली ओढत आणलं आणि म्हणाल्या, चला आता.

रुपया कपाच्या तळाला गेलाय. मासे, पराठे, भाज्या, दोन पोती भरून फेकलं. पण नारळ नाही! मंगळवारी सकाळी फ्रीझर अजून गार होता, तेव्हाच साबांनी सातच्या सात पाकिटं काढून (दोन आधीच संपली होती) अंगणात कॅम्पिंगच्या शेगडीवर वड्या करायला घेतल्या. शेजारच्या आजींना इन्सुलिनबरोबर डबा नेला. त्या रोज विचारतात, ते गोड काय होतं.

पूरविम्याचा अर्ज आज भरला. ३० दिवस मोजतेय.

---

गाळ_आणि_मी | १५ जुलै, रात्री १०:४४

🙏 अर्जाबद्दल. बाकी उद्या फोन करते.

---

खारवाडा | १६ जुलै, सकाळी ८:३०

लाल दोरी! आमच्याकडे आता रहाट परत बसवलाय, पंपाच्या शेजारी. पोहरा चिपळूणला एका भांडीवाल्याकडे मिळाला, भंगाराच्या तिप्पट भावाने.

---

मेतकूट | १६ जुलै, सकाळी ९:१५

आभार वगैरे राहू देत. मला एक सांगा, ९० अंश उकाडा, त्यात ही दमट हवा, वड्यांचा पाक आळला कसा? थापल्या आणि पडल्या?

---

चिमणचारा | १६ जुलै, सकाळी ९:२२

नाही पडल्या. चमच्याने खाल्ल्या सगळ्यांनी. शेजारच्या आजींना ते तसंच असतं असं सांगितलंय, तुम्ही भेटलात तर बोलू नका.